गिटारीतला बगळा

१

गिटारीच्या पोटात कुणीतरी खरवडलं होतं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा मावशीने चिरेतून आत सरकवला, बाजूने बॅटरीचा उजेड पाडला आणि तिचं तोंड कडू झालं.

"शी!" ती म्हणाली. "हे करताना हात कसे झडले नाहीत मेल्याचे?"

मावशी म्हणजे तारांची वाद्यं दुरुस्त करणारी बाई. सायकलच्या दुकानामागच्या लांबट खोलीत तिचं तीस वर्षांचं बस्तान. सख्खा भाचा एक नाही, भाची एक नाही, पण वाजवणाऱ्या प्रत्येकाची ती मावशी. जीभ तिखट आणि नाक त्याहून तिखट. वाद्याचं दुखणं ती आधी हुंगून सांगायची. तिला किळस यायच्या गोष्टींची यादी भली लांब होती. बोटांच्या मळाने भरलेले मानेवरचे धातूचे फ्रेट, भलत्याच गोंदाने सांधलेली मान, गंजलेल्या तारांवर वर्षानुवर्षं प्रेमगीतं वाजवणारी माणसं. पण वाद्याच्या आत हात घालून त्याची ओळख पुसून टाकणं हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

समोर स्टुलावर वादकाची लेक बसली होती. वादक महिन्यापूर्वी गेला. चाळीस वर्षं हॉटेलांत आणि जहाजांवरच्या बँडमध्ये त्याने वाजवलं ते ह्याच एका गिटारीवर. जुनी जपानी गिटार, गडद लाल, अर्धपोकळ. म्हणजे दोन्ही बाजूंना पोकळ पेटी, मधोमध लाकडाचा लांब ठोकळा आणि पोकळीवर एकेक वळणदार चीर. डोक्यावर पुलाचं चित्र आणि कुठल्याशा आयातदाराचं नाव.

सगळी गोम त्या नावात होती. त्या काळी डोक्यावरचं नाव बनवणाऱ्याचं नसायचंच. विकणारा सांगेल ते नाव कारखाने छापून द्यायचे. एकाच नावाच्या दोन गिटारी दोन वेगळ्या कारखान्यांतून यायच्या आणि शेजारी शेजारी टांगल्या तर सख्ख्या बहिणी वाटायच्या. खरा बाप कोण ते आतल्या खुणांवरून शोधायचं.

"बाबा म्हणायचे, ही बगळा कारखान्याची," लेक म्हणाली. "आत लेबल होतं. मी लहान असताना बॅटरी धरून दाखवायचे. पांढरा बगळा, मान वाकडी, खाली निळं पाणी. पाय नव्हते त्याला. मी विचारायचे, ह्याचे पाय कुठे गेले? तर म्हणायचे, पाण्यात आहेत."

आता त्या जागेवर दुसरंच लेबल होतं. पिवळट जुना कागद आणि त्यावर काळा डोंगर. डोंगर कारखाना म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा, सगळ्यात नावाजलेला. चिरेतून नुसतं डोकावलं तर डोंगर तेवढा दिसत होता. आरसा तिरका धरला की कागदाच्या कडेने लाकडावरचे ताजे, पांढरे ओरखडे दिसत होते.

"तू हे कधी पाहिलंस?"

"काल. भिंगवाल्या सरांनी दाखवलं. म्हणाले, बघ, डोंगर आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणाले, पण तुझे वडील थापा मारायचे." ती खाली बघत राहिली. "मीच नेली होती हो त्यांच्याकडे. त्यांनी एकदा आत बघावं आणि चुकलो म्हणावं, एवढ्यासाठी."

ह्यामागे एक जुनी कहाणी होती. वीस वर्षांपूर्वी वादकाने वाद्यप्रेमी मंडळाच्या अंकात पत्र लिहिलं होतं, की माझ्या पूल-छाप गिटारीत बगळ्याचं लेबल आहे, तज्ज्ञांनी येऊन पाहावं. तज्ज्ञ म्हणजे भिंगवाले. जपानी गिटारींचे कारखाने कसे ओळखावेत ह्यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे. ते आले नाहीत. त्यांनी अंकातच उत्तर दिलं. बगळा कारखान्याने शाळकरी मुलांच्या साध्या गिटारींपलीकडे काही बनवलेलं नाही. सदर गृहस्थ एक तर आंधळे असावेत, नाही तर खोटारडे. त्या दिवसापासून वादकाचं नाव पडलं बगळा. शोकसभेत मागच्या रांगेतला एक जण "उडाला बगळा" म्हणाला होता आणि चार जण फिदीफिदी हसले होते.

"मला दुसरं काही नको, मावशी. बाबा खोटं बोलत नव्हते, एवढं एकदा सगळ्यांसमोर कुणीतरी म्हणावं. रविवारी मंडळाचा मेळावा आहे. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. त्यात पुन्हा तेच छापलं तर संपलंच."

मावशीने आरसा पुसून खाली ठेवला. ह्या बाबतीत तिचं स्वतःचं एक जुनं ठुसठुसणारं दुखणं होतं. ते तिने तूर्त गिळलं.

"बाबा गेल्यावर ही कुणाकुणाकडे होती?"

"आधी आठ दिवस काकांकडे. काकांनी मला न विचारता जुन्या वाद्यांच्या दुकानदाराकडे दिली, तिथे दोन दिवस. मी जाऊन भांडून आणली. मग दोन आठवडे माझ्याकडे, पेटीत बंद. पेटी उघडायची हिंमतच झाली नाही. परवा सकाळी तशीच सरांकडे ठेवली आणि काल घेऊन आले."

म्हणजे तिघे. मावशीने चिरेला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. सरस नव्हता. रबराचं सोल्यूशन नव्हतं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर येतो तसला काहीसा गोडसर, झोंबरा वास होता.

"लवंग," ती पुटपुटली. "गिटारीत लवंग कुठून आली?"

२

काकांनी दार उघडलं आणि आधी बाहेर आला तो लवंगेचा भपकारा.

काका म्हणजे वादकाचा धाकटा भाऊ, बँडमधला ड्रमवाला. उजवा गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. खोलीत फाटक्या ड्रमांचा खच, सिंकमध्ये चार दिवसांची भांडी, खुर्चीवर ओला टॉवेल. मावशी उभीच राहिली. त्या खुर्चीवर बसण्यापेक्षा तिला गुडघेदुखी परवडली.

"दादाची गिटार? मी हातसुद्धा लावला नाही तिला," काका बोळ्यातून म्हणाले.

"हात न लावता दुकानदाराकडे चालत गेली वाटतं?"

काका ओशाळले. "अडगळ होत होती. आणि खरं सांगू? बघवत नव्हती. आयुष्यभर तो बगळा आणि मी बगळ्याचा भाऊ. कुठेही वाजवायला गेलो की पहिला विनोद तोच."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? हसायचो." त्यांनी गाल धरला. "दादासमोरसुद्धा हसायचो. तो काही बोलायचा नाही, तारा पुसत बसायचा."

मावशीने नाकाला पदर लावला. सख्खा भाऊ आणि त्यालाही दात काढायला तीच जागा सापडली. पण किळस वेगळी आणि गुन्हा वेगळा, हेही तिला कळत होतं.

"दात कधीपासून दुखतोय?"

"परवा रात्रीपासून. डॉक्टर उद्याची वेळ देतोय मेला."

मावशीने हिशोब केला. गिटार ह्यांच्या घरातून जाऊन अडीच आठवडे झाले होते आणि लवंगेचं तेल ह्या घरात आलं परवा. शिवाय काकांचा पेला धरलेला हात लटलट कापत होता. बोटभर रुंदीच्या चिरेतून पातं घालून कागद खरवडणं ह्या हाताचं काम नव्हतं.

"दुकानदाराला धरा," काका दारापर्यंत आले. "एक दिवस म्हणून नेली आणि दोन दिवस दाबून ठेवली. आणि परत देताना हसत होता."

३

जुन्या वाद्यांच्या दुकानात मावशी शक्यतो जात नसे. भिंतीवर पन्नास-साठ वर्षांच्या गिटारी आणि एकेकीला घासून, पुसून, लाख चढवून अशी चकाकी आणलेली, की म्हातारीला लग्नाचा मेकअप केल्यासारखं दिसावं. दुकानदार स्वतःही तसाच, केस काळेभोर आणि भुवया पांढऱ्या.

"या मावशी! आज इकडे कशी वाट चुकलात?"

"वाट चुकले नाही. पूल-छाप गिटारीत डोंगराचं लेबल कुणी चिकटवलं ते विचारायला आले. डोंगर असला की भाव दुप्पट, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

दुकानदार एवढा मोठ्याने हसला, की भिंतीवरच्या दोन गिटारींच्या तारा थरथरल्या. "मावशी, मी लबाड आहे, पण मूर्ख नाही. मला ती विकत घ्यायची होती. घ्यायच्या आधी डोंगर चिकटवून माझाच भाव मी कशाला वाढवू? घेतल्यानंतर चिकटवला असता की!"

बोलणं निर्लज्ज होतं, पण बिनतोड होतं. लबाडाची अक्कल कधी कधी साध्या माणसापेक्षा सरळ चालते.

त्याने खणातून पावतीपुस्तक काढलं. वस्तू ठेवून घेतली की तो पावती लिहायचा आणि कार्बनखालची प्रत पुस्तकात राहायची. बोटाला थुंकी लावत तो पानं उलटू लागला. मावशीने तोंड फिरवलं.

"हे घ्या. वाचा."

पावतीवर लिहिलं होतं: पूल-छाप, लाल, अर्धपोकळ, मान सरळ, आत बगळा. शाळकरी माल.

मावशीने दोनदा वाचलं. "तू पाहिलास? बगळा?"

"ह्या डोळ्यांनी. बिनपायांचा. बगळा आहे म्हणूनच तर भाव पाडून मागितली."

"अरे, मग वीस वर्षं लोक त्या माणसाला खोटारडा म्हणत होते! तुला एका शब्दाने सांगता आलं नाही? शोकसभेला तूही होतास."

दुकानदाराने खांदे उडवले. "माझं दुकान भिंगवाल्यांच्या पुस्तकावर चालतं, मावशी. गिऱ्हाईक पान उघडून दाखवतं, मी पैसे मोजून घेतो. पान खोटं आहे हे मी कशाला सांगू? मेलेला माणूस काही गिटार विकत घ्यायला येत नाही."

मावशीने पावतीची प्रत फाडून घेतली. तो नको नको म्हणत होता, पण तिच्या नजरेला नजर भिडवायची त्याची छाती झाली नाही. बाहेर येऊन तिने नळाखाली हात धुतले. मग उभ्या उभ्या हिशोब मांडला. काकांकडून दुकानदाराकडे आली तेव्हा बगळा होता. दुकानदाराला तो काढण्यात फायदा नव्हता. लेकीने पेटी उघडलीच नव्हती. उरलं एकच घर आणि त्या घराकडे बोट दाखवायला मावशीचा हात उचलला जाईना. गेली पंचवीस वर्षं भिंगवाल्यांचं ते पुस्तक तिच्या टेबलावर होतं. पानं सुटली तेव्हा तिने स्वतः शिवलं होतं.

४

भिंगवाले पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होते. घरात पाय ठेवायलाही संकोच वाटावा इतकं लख्ख. पायपुसणं सरळ रेषेत, पेन्सिली उंचीप्रमाणे, पडद्याला सुरकुती नाही. गळ्यात काळ्या दोरीला भिंग.

"बसा, बाई. त्या मुलीचं वाईट वाटतं हो. वडिलांचं खोटं मुलांना फार महागात पडतं."

"लेबलं बघायला आले होते," मावशी म्हणाली. "डोंगराची. तुमच्याइतकी कुणाकडे असणार?"

माणसाला त्याच्या संग्रहाबद्दल विचारावं आणि गंमत बघावी. भिंगवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कपाटातून जाड वही आणून अलगद उघडली आणि मावशीच्या नाकाला वास झोंबला. लवंग.

"खळीत दोन थेंब लवंगेचं तेल घालतो मी," ते स्वतःहून म्हणाले. "कीड लागत नाही. वीस वर्षांपूर्वीचं पान काल चिकटवल्यासारखं आहे की नाही?"

पान सुंदर होतं, नाही कसं म्हणावं? जुन्या गिटारींतून काढलेली लेबलं ओळीने चिकटवलेली आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात क्रमांक.

"हेच क्रमांक मागच्या बाजूलाही असतात. चिकटवण्याआधी पेन्सिलीने घालतो. क्रमांक नाही ती वस्तू संग्रहात नाही, कचऱ्यात."

मावशीचं बोट ओळीवरून सरकत गेलं. पंचेचाळीस, सेहेचाळीस, मग रिकामा चौकोन, मग अठ्ठेचाळीस. चौकोनाचा कागद भोवतालच्या कागदापेक्षा उजळ होता आणि खालचा आकडा खोडलेला होता.

"हा कुठे गेला?"

"खराब झाला. काढून टाकला." वही मिटली, जरा जास्तच पटकन.

"आणि त्या लाल गिटारीचा तारांखालचा पिकअप काढून आत बघितलंत का तुम्ही? ठोकळा कसा आहे ते?"

भिंगवाल्यांनी नाक मुरडलं. "मी वाद्यांना स्क्रू-ड्रायव्हर लावत नाही, बाई. ती कारागिरांची कामं. मी अभ्यासक आहे."

मावशी उठली. इतक्या स्वच्छ घरात तिला आता बसवेना. पण नुसता वास आणि एक रिकामा चौकोन घेऊन मंडळापुढे जाता येत नाही. लवंग कुणाच्याही घरात असते. आणि डोंगर खोटा ठरला तरी बगळा खरा होता हे कसं सिद्ध करणार? बगळा तर खरवडून कधीच फेकला गेला होता.

५

शनिवारी सकाळी लेक मावशीच्या खोलीत आली तेव्हा किटली उकळत होती. चहासाठी नव्हे. मावशीने किटलीच्या तोंडाला रबरी नळी लावली, चिरेतून आत सोडली आणि वाफेचा झोत डोंगरावर धरला. खळ सुटली. वाकड्या चिमट्याने तिने कागद उलटा करून बाहेर ओढला.

पाठीवर पेन्सिलीने, नकाशातल्या अक्षरासारख्या रेखीव वळणात, आकडा होता. सत्तेचाळीस.

"सरांनी?" लेकीचा विश्वास बसेना. "आणि चोरी करताना आकडा तसाच ठेवला?"

"ठेवला नाही, विसरला. गाढ झोपेत स्वतःचं नाव पुसतं का कुणी? आकडा घालणं हा त्याचा श्वास आहे." मावशीने कागद काचेखाली ठेवला. "पण ह्याने चोर सापडला, पोरी. तुझा बगळा नाही सापडला."

ओरखड्यांच्या जागी नुसतं लाकूड होतं. मावशीने उजेड ओरखड्यांवरून ठोकळ्यापर्यंत फिरवला. मग मावशी एकदम म्हणाली, "पाय नव्हते म्हणालीस ना?"

"हो. पाण्यापाशीच लेबल संपायचं. ठोकळ्याच्या कडेला."

"अगं, बगळ्याचं लेबल छापणारा पाय कशाला विसरेल?" मावशीचे डोळे चमकले. "संपत नव्हतं ते. ठोकळ्याखाली जात होतं! पेटी बंद व्हायच्या आधी कुणीतरी लेबल जरा जास्त आत चिकटवलं आणि दुसऱ्याने त्याच्यावर ठोकळा बसवला. चुकलं त्या कारागिराचं. देव त्याचं भलं करो."

"म्हणजे पाय ठोकळ्याखाली? मग ठोकळा फोडायचा?"

"थांब." मावशीने तारा उतरवल्या, मधल्या पिकअपचे, म्हणजे तारांखालच्या आवाज उचलणाऱ्या चुंबकी डबीचे, चार स्क्रू काढले आणि तो वायरींसकट बाजूला केला. खाली खड्डा दिसला. डोंगर कारखान्याचा ठोकळा अखंड असतो, हे तिने अनेकदा पाहिलं होतं. इथे तसा अखंड ठोकळा नव्हताच. दोन जाड पट्ट्या होत्या आणि वायरी जाव्यात म्हणून मध्ये बोटभर फट. चिरेतून बघणाऱ्याला अलीकडची पट्टी तेवढी दिसायची. फट पट्टीच्या पलीकडे होती.

तिने बॅटरी उभी धरली आणि आरसा आत सोडला.

"ये, बघ," ती म्हणाली. तिने आरसा लेकीच्या हातात दिला.

फटीच्या तळाशी कागदाची निळी कड होती. पट्टीखालून आलेली, चपटी दाबलेली. निळं पाणी आणि पाण्यात दोन बारीक काळे पाय. त्यांच्या बाजूला गोल लाल शिक्का.

मावशीने भिंतीवरून एक साधी, मळकी शाळकरी गिटार खाली काढली. बगळा कारखान्याची. तिच्या लेबलावर तोच गोल शिक्का होता, तीच रेघ, तीच तुटकी कड. मावशी दोन्हींकडे आळीपाळीने बघत होती आणि लेक आरशातून डोळा काढायला तयार नव्हती.

"पाण्यातच होते," ती म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

६

मेळाव्याचा हॉल भरला होता. मंचावर नव्या आवृत्तीचा गठ्ठा. भिंगवाले फीत सोडणार एवढ्यात मावशी लाल गिटार घेऊन वर चढली आणि तिने ती गठ्ठ्यावरच आडवी ठेवली.

ती भाषण करणारी बाई नव्हती. तिने दुकानदाराची पावती वाचली. पहिल्या रांगेतला दुकानदार बुटांकडे बघू लागला. मग तिने डोंगराचं लेबल उलटं करून धरलं. "सत्तेचाळीस. सरांच्या वहीत सेहेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस आहे. वही मागवा, नाही म्हणत असतील तर." मग तिने पिकअप उचलला आणि एकेकाला आरसा दिला. "हे पाय बघा. आणि त्यांच्या कागदावर बसलेली पट्टी बघा. पट्टीवर कारखान्याचा सरस आहे, कधी हललेला नाही. तेव्हा कुणी म्हणू नका वादकाने मागून चिकटवलं म्हणून."

माणसं वाकून बघत होती. शोकसभेत "उडाला बगळा" म्हणणारा तोही वाकला आणि सरळ झाला तेव्हा त्याला कुणाकडे बघावं कळेना. काका मागे उभे होते, गाल धरून. ते कुणालाही न सांगता पुढे आले, त्यांनीही पाहिलं आणि म्हणाले, "दादा खरं बोलत होता." एवढंच, पण मोठ्याने.

भिंगवाले भिंगाच्या दोरीशी चाळा करत होते. मग ते बोलले, त्यात लाज नव्हती. चीड होती.

"तीस वर्षं घातली मी ह्या पुस्तकात. सगळ्या कारखान्यांचा नकाशा लावला. एका बगळ्यासाठी तो फाडायचा? एक चुकार गिटार! ती नसती तर माझं पुस्तक निर्दोष होतं."

"एक ओळ बदलायची होती," मावशी म्हणाली. "फक्त एक ओळ. ती बदलायची नाही म्हणून तुम्ही मेलेल्या माणसाच्या वाद्यात पातं घातलंत आणि त्याच्याच लेकीला तो खोटारडा होता असं दाखवलंत. माझ्या आयुष्यात मी घाण पुष्कळ पाहिली. एवढ्या स्वच्छ हातांनी केलेली नव्हती पाहिली."

"माझे हात?" भिंगवाले थंडपणे हसले. "आणि तुमचे, बाई? पत्रात त्याने लिहिलं होतं, आधी दुरुस्तीच्या बाईंकडे गेलो, त्याही हसल्या. ती ओळ मी छापली नाही, तुमच्यावर उपकार म्हणून. सांगा ना सगळ्यांना."

लेक मावशीकडे बघत होती.

मावशी लेकीकडे वळली. "खरं आहे. फ्रेट घासायला आणली होती त्याने. म्हणाला, मावशी, आत बघा, बगळा आहे. आरसा माझ्या हाताशी होता. मी उचलला नाही. मी ह्यांच्या पुस्तकातलं पान उघडून त्याला दाखवलं आणि म्हटलं, थापा कशाला मारता?"

पुस्तकांचा गठ्ठा मंचावर तसाच राहिला. त्या दिवशी एकही प्रत खपली नाही.

संध्याकाळी लेक गिटार न्यायला आली. पिकअप जागेवर बसवला होता, पेटी पुसली होती. नव्या तारांचं पाकीट मावशीने काढून ठेवलं होतं.

"तारा लावून देते. दहा मिनिटं बस."

"नको, मावशी." लेकीचा आवाज शांत होता, राग नव्हता त्यात, म्हणूनच जास्त लागला. "बाबांसाठी तुम्ही केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. पण तारा मी दुसरीकडे लावून घेईन."

मावशीने मान हलवली. रागावायला तिच्याकडे तोंड नव्हतं. स्वतःच्या हातांकडे बघताना तिला पहिल्यांदाच तशी किळस आली, जशी आजवर दुसऱ्यांच्या कामाकडे बघून यायची.

लेक दारापर्यंत गेली तेव्हा मावशी लगबगीने उठली. तिने टेबलावरचा लांब दांड्याचा आरसा उचलला, पदराने पुसला आणि पुढे केला.

"हा घेऊन जा. तुला बघायला लागेल. मला वेळेवर वापरता आला नाही."

लेकीने आरसा हातात घेतला. नको म्हणाली नाही. तिने तो गिटारीच्या पेटीत ठेवला, कड्या लावल्या आणि सायकलच्या दुकानातून वाट काढत ती रस्त्याला लागली.